ऱ्योकानमध्ये राहायचंय? मग संध्याकाळ मोकळी ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीच्या सुट्टीत चौघं जण अकरा दिवस जपानला निघालेत: नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. त्यातल्या दोन-तीन रात्री 'पारंपरिक जपानी गेस्ट हाउस'मध्ये काढायची इच्छा आहे. सासूबाई पक्क्या शाकाहारी आणि गुडघ्यांनी हैराण. परदेशी माणसांना तिथे घेतात का, जमिनीवर झोपणं जमेल का, त्या सगळ्यांसोबतच्या आंघोळीचं काय करायचं, आणि मुळात एवढे पैसे मोजावेत असं त्यात असतं तरी काय?

मी जपानी पुण्यात शिकले. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं नागानोत होते. तिथे दोन हिवाळे एका ऱ्योकानमध्ये नाकाई म्हणून काम केलं, म्हणजे ताटं वाहणारी आणि गाद्या घालणारी बाई. आता छोटे गट घेऊन जाते. त्यामुळे खालचं सगळं काही पाहुणी म्हणून पाहिलेलं आहे, काही मुदपाकखान्याच्या दारातून.

आधी शब्द. इंग्रजी बोलणारे 'रायोकान' म्हणून मोकळे होतात. आपल्याला दऱ्याखोऱ्यांतला 'ऱ्य' लहानपणापासून येतो, तो वापरा: ऱ्योकान. आणि तिथे 'गेस्ट हाउस' म्हणू नका. जपानमध्ये त्या नावाखाली बहुतेकदा एकावर एक पलंग, सामायिक स्वयंपाकघर आणि पाठीवर पिशव्या घेतलेली तरुण मंडळी निघतात. तुम्हाला हवं आहे ते तीन नावांनी शोधा. ऱ्योकान म्हणजे दोन्ही वेळचं जेवण, न्हाणीघर आणि सरबराई असलेली खाणावळ-कम-धर्मशाळा, फक्त राजेशाही थाटाची. मिन्शुकु म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या घरातल्या खोल्या. आपल्या कोकणातल्या घरगुती राहण्या-जेवण्याच्या सोयीची जपानी बहीण. आणि शुकुबो म्हणजे देवळातला मुक्काम.

नुसत्या पाटीवर भरवसा ठेवू नका. २०१८ साली कायदा बदलला आणि हॉटेल व ऱ्योकान हे परवान्याचे दोन वेगळे वर्ग एक झाले. त्यामुळे नावात ऱ्योकान असलेली पण आत नुसते पलंग आणि कॉफी मशीन असलेली जागा सहज सापडते. आरक्षण करताना तातामीची, म्हणजे गवताच्या जाड चटया अंथरलेली, खोली आहे का आणि 'इप्पाकु निशोकु', म्हणजे एक रात्र दोन जेवणं, असं लिहिलंय का, एवढं बघा. 'सुदोमारी' लिहिलं असेल तर जेवण नाही.

परदेशी म्हणून हाकलतात का? नाही. तिथला ऱ्योकान-व्यवसायाचा कायदा १९४८ चा आहे आणि त्यात पाहुणा नाकारायची कारणं ठरवून दिली आहेत. राष्ट्रीयत्व त्यात बसत नाही. जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याला मात्र राष्ट्रीयत्व आणि पासपोर्टचा क्रमांक द्यावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी पासपोर्टची प्रत काढून घेतात. त्याचा राग मानू नका. जिथे बिचकतात तिथे खरी भीती भाषेची असते: या लोकांना जेवणात काय चालतं, किती वाजता येणार, हे आपण विचारायचं कसं? तुम्ही या दोन गोष्टी आधीच लिहून कळवल्यात की अर्धं काम झालं.

आता मुख्य गोष्ट, जी कुठल्याच जाहिरातीत नसते. ऱ्योकानमध्ये तुम्ही खोली विकत घेत नाही, संध्याकाळ विकत घेता. साडेतीनला पोचलात, चहा घेतलात, आंघोळ केलीत, युकाता, म्हणजे तिथला सुती झगा, घालून जेवलात, परत येऊन पाहता तो गाद्या घातलेल्या, झोपायच्या आधी पुन्हा एकदा पाण्यात उतरलात, तर पैसे वसूल. दिवसभर देवळं पाहून रात्री आठला टेकलात तर तुम्ही महागडी चटई भाड्याने घेतलीत.

आत काय चालतं ते सांगते. आमच्याकडे चौदा खोल्या होत्या. जेवण सहा किंवा साडेसहा, यापुढे नाही. एका माणसाला नऊ-दहा पदार्थ, प्रत्येक वेगळ्या भांड्यात, आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली. कच्चा मासा फार लवकर कापून चालत नाही, तेम्पुरा तळल्या तळल्या निघायला हवा. दर पाहुण्यासमोर एक चिमुकली शेगडी असते, तिच्यात निळसर इंधनाची वडी. नाकाई गुडघ्यावर बसून ती पेटवते आणि जाते. वडी विझली की वरच्या भांड्यातलं शिजलं, इतका साधा हिशोब. (तुमच्या मुलाला सांगून ठेवा, मधे झाकण उघडायचं नाही. तो उघडणारच.) हे सगळं तेरा खोल्यांत एकाच वेळी चालू असताना चौदावं कुटुंब 'आम्ही आठला येतो' म्हणालं, तर आचारी तोंडाने काही बोलत नाही, फक्त सुरी धुवून ठेवतो.

मी स्वतः ही चूक केली आहे, तीही सगळं माहीत असताना. गटातल्या दोघांना सूर्यास्ताचे फोटो हवे होते, मी 'चला दहा मिनिटं' म्हटलं आणि शेवटच्या बसच्या आधीची बस गेली. पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. मालकीणबाईंनी, त्यांना ओकामी म्हणतात, दारात वाकून स्वागत केलं, चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. ताटात भाताचे गोळे, लोणचं आणि सूप. पैसे पूर्ण. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तेव्हापासून मी पाचच्या पुढे पोचायची शक्यता दिसली की स्टेशनवरूनच फोन करते, अर्ध्या तासाचा उशीर असला तरी.

म्हणूनच माझा सल्ला लोकांना विचित्र वाटतो: क्योटोत ऱ्योकान घेऊ नका. क्योटोत बघायला इतकं आहे की तुम्ही तीन वाजता परतणारच नाही. तिथे स्टेशनजवळचं साधं हॉटेल घ्या आणि ऱ्योकानसाठी अशा गावी जा जिथे संध्याकाळी दुसरं काही करण्यासारखंच नाही.

खर्चाचं. दर खोलीमागे नसून माणशी असतो, आणि भारतीय पाहुणे हमखास इथे फसतात. बऱ्यापैकी ऱ्योकान दोन जेवणांसह माणशी १८,००० ते ३०,००० येन, मिन्शुकु ८,००० ते १२,०००, शुकुबो १२,००० ते २०,००० असा माझा अनुभव. शंभर येनला ५५ ते ६० रुपये धरून हिशोब करा आणि एकदा घोटभर पाणी प्या. मुलाला मोठ्यांसारखं ताट हवं असेल तर बऱ्याच ठिकाणी ७० टक्के, लहान मुलांचं ताट घेतलं तर ५० टक्के, अशी रीत आहे. शनिवारची रात्र आणि सुट्टीच्या आदली रात्र महाग. रविवारची रात्र सगळ्यात शहाणी. वर गरम पाण्याच्या झऱ्याचा कर असतो, माणशी साधारण १५० येन, तो बऱ्याचदा निघताना रोख मागतात. आयत्या वेळी रद्द केलंत तर पूर्ण पैसे जातात, कारण तुमच्या नावाने मासा आणि भाजी आलेली असते. टिप देऊ नका. जुने जपानी लोक छोट्या पाकिटात घालून नाकाईला काही देतात, पण परदेशी पाहुण्याकडून ती अपेक्षा नसते आणि नोट नुसती हातावर ठेवणं तर फारच वाईट दिसतं.

खोलीचं फार अवघड नाही, कारण अर्ध्या गोष्टी आपल्या घरच्याच आहेत. चपला दारात. तातामीवर सपातासुद्धा नाही, अनवाणी किंवा मोजे. संडासात जायच्या सपाता वेगळ्या, त्या तिथेच ठेवून यायच्या. त्या घालून तातामीवर आलेला पाहुणा हा ऱ्योकानमधला सर्वात जुना विनोद आहे. खोलीत एक उंचावलेला कोनाडा असतो, तोकोनोमा. त्यात एक चित्र लटकवलेलं आणि फुलाची एक काडी. ती जागा बॅग ठेवायला किती सोयीची आहे हे प्रत्येकाला दिसतं. पण देव्हाऱ्यासमोर कोणी सूटकेस उघडत नाही, तेवढं समजा. सूटकेसची चाकंही तातामीवर फिरवायची नाहीत. खरं तर मोठी बॅग आणूच नका. 'ताक्क्युबिन' नावाची सामान पोचवणारी सोय आहे: क्योटोच्या हॉटेलातून बॅग द्या, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात हजर. एका बॅगेला दोन-तीन हजार येन लागतात आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी याहून चांगला खर्च नाही.

दोन इशारे घरच्या सवयींबद्दल. सकाळी दिवा-उदबत्ती लावायची सवय असेल तर खोलीत लावू नका. कागदाची दारं, गवताची जमीन आणि धुराची घंटा. आणि शोजी, म्हणजे लाकडी चौकटीवरच्या कागदाच्या सरकत्या पडद्यांजवळ मुलाला एकटं सोडू नका. त्या कागदात बोट घालायचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही. माझ्या लेकीने वयाच्या पाचव्या वर्षी घातलंच. मी लगेच जाऊन सांगितलं, माफी मागितली. सकाळी नाश्त्याहून परतलो तर भोकावर साकुराच्या फुलाच्या आकाराचा कागद चिकटवलेला होता. लपवलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

झोपायचं म्हणाल तर फुतोन म्हणजे गादीच. आपली कापसाची, जरा पातळ. ऱ्योकानमध्ये तुम्ही जेवायला गेलात की घालतात, मिन्शुकुत भिंतीतल्या कपाटातून वळकटी काढून स्वतः घालायची. पातळ वाटली तर दोन मागा, बिनदिक्कत देतात. खरी अडचण झोपण्याची नसून उठण्याची आणि जेवताना मांडी घालण्याची आहे. सासूबाईंसाठी आरक्षणाच्या वेळीच दोन गोष्टी लिहा: जेवायला खुर्ची-टेबल हवं, आणि जमलं तर 'वायोशित्सु', म्हणजे तातामी आणि पलंग दोन्ही असलेली खोली. आता बऱ्याच ऱ्योकानांत अशा खोल्या आहेत, कारण जपानी आजीआजोबांचेही गुडघे दुखतात.

युकाता खोलीत घडी करून ठेवलेला असतो. डावी बाजू वर, उजवी आत. उलटं फक्त मृताला नेसवतात. खूण अशी: उजवा हात सहज छातीशी आत घालता आला पाहिजे. हा घालून जेवायला, न्हायला, बऱ्याच गावांत रस्त्यावरसुद्धा जाता येतं.

आता आंघोळ. सगळ्यात जास्त प्रश्न हिचेच, आणि मला वाटतं, मराठी माणसाला ती युरोपियन माणसापेक्षा सोपी जावी. कारण जपानी न्हाणीघर म्हणजे आपलं मोरीतलं बसकं स्टूल, पुढे बादली आणि तांब्याच की! बसायचं, अंगावर पाणी घ्यायचं, साबण लावून सगळं चोळून धुवायचं, साबणाचा थेंब उरू द्यायचा नाही. मग हौदात उतरायचं, आणि ते फक्त शेकायला. मळ हौदाबाहेरच गेला पाहिजे. डोक्याला खोबरेल लावून गेलात तर आधी केस धुवा आणि लांब केस वर बांधा. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही; लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात. पाणी साधारण ४० ते ४२ अंश असतं. पहिल्यांदा पाच मिनिटं पुरे. सासूबाईंना रक्तदाब असेल तर जेवणानंतर लगेच नको, आणि बाहेर येऊन सावकाश उभं राहायचं. पोचल्या पोचल्या खोलीत चहासोबत गोड का ठेवतात, तर रिकाम्या पोटी गरम पाण्यात उतरून चक्कर येऊ नये हेही त्यामागचं एक कारण. तो खाऊन जा.

कपडे मात्र शून्य. पोहण्याचा पोशाखही चालत नाही. पुरुष आणि बायका वेगळीकडे, हे खरं, पण आपल्या बायकांना बायकांसमोरही अवघड जातं, मला माहीत आहे. माझा अनुभव असा की पहिली तीन मिनिटं वाईट, चौथ्या मिनिटाला लक्षात येतं की कोणी बघतच नाहीये. ज्यांना तरीही नको त्यांच्यासाठी 'काशिकिरि' किंवा 'काझोकु-बुरो' असतं: चाळीस-पन्नास मिनिटं आतून कडी लावून फक्त तुमचं कुटुंब. काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी दोन-तीन हजार येन. सासू-सुनांनी हे घ्यावं असं मी सुचवेन. आणि अंगावर गोंदण असेल तर हाच सुरक्षित मार्ग, कारण मोठ्या हौदांत गोंदवलेल्यांना अजूनही बऱ्याच ठिकाणी मनाई असते. मुलगा नऊ वर्षांचा आहे, म्हणजे तो वडिलांबरोबर जाणार. मुलामुलींनी वेगळ्या बाजूला जायचं वय २०२० साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाने दहावरून साधारण सातवर आणलंय.

दारावरचे कापडी पडदे नीट बघा: 男 पुरुष, 女 बायका. निळा-लाल रंग असतोच असं नाही. आणि बऱ्याच ऱ्योकानांत रात्रीतून बाजू बदलतात, म्हणजे दोन्हीकडच्या पाहुण्यांना दोन्ही हौद मिळावेत. काल रात्री गेलो तेच दार म्हणून पहाटे डोळे चोळत आत शिरलेले एक काका आमच्या गटात होते. आत कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही: चांदी. कुसात्सुसारख्या गंधकाच्या झऱ्यात चांदीची जोडवी आणि पैंजण काळे पडतात. खोलीतच काढून ठेवा.

जेवणाकडे वळते, कारण तुमचा खरा पेच तिथे आहे. मांस-मासे नकोत म्हटल्याने जपानमध्ये माणूस शाकाहारी होत नाही. अडचण 'दाशी'ची आहे. जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. वाळवून लाकडासारखा टणक केलेला कात्सुओ मासा रंध्याने तासावा तसा तासतात, ते काप गरम पाण्यात टाकून गाळतात, आणि ते पाणी सगळीकडे जातं: मिसो सूप, भोपळ्याच्या फोडींचं कालवण, वांग्यावरचा रस, कधी कधी लोणच्यातही. तुमच्या ताटात माशाचा तुकडा दिसणार नाही, पण मासा असेल. आचाऱ्याच्या लेखी ती भाजीच. आणि हे बदलणं आयत्या वेळी शक्य नसतं, कारण दाशी सकाळीच झालेली असते.

म्हणून आरक्षण करताना, आणि पुन्हा आठवडाभर आधी, हे तीन वाक्यांत कळवा: 'निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. कात्सुओ नो दाशी मो ताबेरारेमासेन. कोन्बु तो शिइताके नो दाशी वा दाइजोबु देसु.' मांस-मासा खाता येत नाही, कात्सुओची दाशीही नाही, कोन्बु शेवाळाची आणि शिइताके अळंबीची दाशी चालेल. तिसरं वाक्य सर्वात महत्त्वाचं. नुसतं 'हे नको ते नको' वाचून आचारी घाबरतो. काय चालेल ते सांगितलं की त्याला वाट मिळते. अंडं-दूध चालत असेल तर तेही लिहा. उत्तर 'जमणार नाही' असं आलं तर त्यांचे आभार माना आणि दुसरी जागा बघा. 'जमेल' म्हणून फक्त काकडी-भात वाढणाऱ्यापेक्षा हा माणूस प्रामाणिक.

भात शेवटी येतो हेही माहीत असू द्या. तोवर आपला माणूस भाताची वाट बघत भाज्या संपवून बसतो. 'गोहान ओ साकिनि ओनेगाइशिमासु' म्हटलं की आधी आणतात. जपानी भात चिकट, मऊ. बाहेरचं जेवण ऱ्योकानच्या जेवणघरात काढू नये, पण मेतकुटाची चिमूटभर पुडी कोणाच्या डोळ्यावर येत नाही. त्या भाताला मेतकूट इतकं शोभतं की वाटतं, हे त्यांनी शोधून कसं काढलं नाही.

सासूबाईंना खरं सुख मात्र कोयासानला मिळेल, आणि माझ्या मते तुमच्या सहलीतली एक रात्र तिथेच हवी. ओसाकाच्या दक्षिणेला, वाकायामा प्रांतात, साधारण ८०० मीटर उंचीवरचं हे देवळांचं गाव. कुकाई नावाच्या आचार्याने ८१६ साली त्याची सुरुवात केली. आज ११७ देवळं आहेत आणि त्यांतल्या पन्नासेक देवळांत मुक्कामाची सोय आहे. जेवण 'शोजिन ऱ्योरी': मांस-मासा नाही, दाशी कोन्बुची, आणि कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. (जैन मंडळींनी मात्र लक्षात ठेवा, कंदमुळं असतात.) लाल लाखेच्या बुटक्या चौरंगावर ताटं येतात. पहिली वाटी बहुधा गोमा-दोफुची. नावात तोफू आहे पण सोयाबीन नाही: तीळ वाटून त्यांचं दूध काढायचं, कुझु नावाच्या वेलीच्या मुळाचं सत्त्व घालून मंद आचेवर हात न थांबवता ढवळायचं आणि थापायचं. चमचा लावला की दुधी हलव्याच्या वडीसारखी थरथरते, जिभेवर खरवसासारखी विरघळते, गोड मात्र नाही. वर सोया सॉसचा थेंब आणि वासाबीचा तीळभर गोळा. माझ्या गटातल्या एका आजींनी तीन दिवसांत पहिल्यांदाच 'अजून मिळेल का' विचारलं ते या वाटीला.

तिथे पेय म्हणून 'हान्न्या-तो' दिसलं तर हसू आवरा. हान्न्या म्हणजे प्रज्ञा, तो म्हणजे गरम पाणी. प्रज्ञेचं गरम पाणी, अर्थात साके, तांदळाची दारू. भिक्षूंनी काढलेली पळवाट.

कोयासान मराठी माणसाला परकं वाटत नाही याची कारणं नुसती जेवणातली नाहीत. इथला पंथ शिंगोन, मंत्रांचा. पहाटे सहा-साडेसहाला प्रार्थना असते, पाहुण्यांना बसता येतं, आणि काही देवळांत 'गोमा' करतात. गोमा म्हणजे आपला होमच. शब्दही तोच, चीनमार्गे गेलेला. धूर, समिधा, ढोल, आणि मधेच कानावर पडतं 'ओन आबोक्या बेइरोशानो'. जरा थांबा आणि ऐका: ॐ अमोघ वैरोचन. ओकुनोइन या तिथल्या समाधिस्थानाच्या दोन किलोमीटरच्या वाटेवर, प्रचंड सीडर वृक्षांखाली, दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत. त्यांतल्या पाच टप्प्यांच्या दगडी स्तूपांवर सिद्धम् लिपीतली अक्षरं कोरलेली असतात, खालून वर अ, व, र, ह, ख: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. आणि कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ च्या सप्टेंबरात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. वाकायामा आणि महाराष्ट्र यांच्यात सहकार्याचा करार आहे, त्यातून हे घडलं. वाट वाकडी करून जाऊन या.

व्यवहाराचं: ओसाकातल्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून पाच मिनिटांची केबल कार, मग बस. वरच्या स्टेशनपासून गावापर्यंतचा रस्ता फक्त बसचा आहे, चालत जाता येत नाही. पाचच्या आत पोचा, कारण जेवण साडेपाचलाच असतं. खोल्यांना बऱ्याचदा कुलूप नसतं, मधे फक्त सरकती कागदी दारं. शेजारच्याचं घोरणं ऐकू येतं आणि तुमचं त्याला. थंडी असते. सासूबाईंची शाल आणि कानटोपी हाताशी ठेवा, पुढे पाठवलेल्या बॅगेत नको.

दुसरी रात्र मी किनोसाकीला सुचवेन, क्योटोहून एक्स्प्रेसने साधारण अडीच तास. विलोची झाडं, मधून नदी, आणि गावात सात सार्वजनिक न्हाणीघरं. ऱ्योकानमध्ये उतरलेल्यांना त्यांचा पास मिळतो. संध्याकाळी सगळं गाव युकाता घालून, लाकडी गेता चपला टकटक वाजवत या न्हाणीघरातून त्या न्हाणीघरात फिरत असतं. गोंदण असलेल्यांनाही तिथे मनाई नाही. एका न्हाणीघराचं नाव मांदारा-यु, म्हणजे मंडलच. मुलाला हे गाव सर्वात आवडेल, कारण इथे रात्री जेवणानंतर पायजम्यात बाहेर भटकायची परवानगी आहे. तारीख मात्र तपासा: ६ नोव्हेंबरला खेकड्यांचा हंगाम सुरू होतो, मग दर चढतात आणि सगळ्या ताटांत खेकडाच खेकडा. शाकाहारी सासूबाईंसाठी त्याचे पैसे का भरायचे? दिवाळी त्याच्या पुढे येत असेल तर इथे जेवणाशिवाय राहा किंवा गाव बदला.

मिन्शुकु यावेळी सोडून द्या. शिराकावागोच्या उतरत्या गवती छपरांची घरं फार सुंदर, पण संडास सामायिक, जिने उभे, आणि तिथल्या आजी मासा सोडून काय वाढू या विचाराने रात्रभर जागतील. मुलगा मोठा झाला की नवरा-बायकोने जा.

निघण्याची वेळ बहुधा दहा, आणि दहा म्हणजे दहा. गाद्यांच्या घड्या घालायची गरज नाही; आम्हाला चादरी बदलायच्याच असत, तुमची घडी उलगडण्यात वेळ जाई. युकाता एका बाजूला ठेवा, फ्रिजमधलं काही घेतलं असेल तर सांगा. दारात तुमचे बूट बाहेरच्या दिशेला तोंड करून मांडलेले असतील, बाजूला बूट चढवायची लांब पट्टी. ओकामी आणि दोघी-तिघी उभ्या असतील आणि तुम्ही बूट चढवून निघेपर्यंत आत जाणार नाहीत. म्हणून बिननाडीचे बूट घ्या. थंडीत, नाडी बांधणाऱ्या पाहुण्यासमोर हसऱ्या चेहऱ्याने उभं राहणं काय असतं, ते मी दोन हिवाळे केलंय. आणि वळणावर पोचलात की एकदा मागे बघा. त्या अजून हात हलवत असतील.